सुनंदाची वही आणि मॅडमचा वसंत

आठ दिवसांत आणून देते म्हणाली होतीस. सहा वर्षं झाली. आता तू मेलीस, अन् वही तुझ्याच कपाटात! ही कोणती रीत? शेजारणीकडून वाटीभर साखर नेली तरी बाई वाटी परत आणून देते, अन् तीही रिकामी आणत नाही. तू तर कॉलेजात शिकवणारी, बायांच्या हक्कावर भाषणं देणारी. तुला एक वही परत करता आली नाही?

मॅडम, तुला गयाबाईचा नमस्कार नाही. तो वही मिळाल्यावर. जिवंत होतीस तोवर तुला अहो-जाहो केलं, कारण तू जीपमधून उतरायचीस अन् मी वावरातून यायची. आता तू म्हणते. देवाला अन् मेलेल्याला आमच्याकडे तूच म्हणतात. त्यात अपमान नाही. वाटलाच तर वाटू दे.

चार दिवसांपूर्वी चिखलीला तुझी शोकसभा झाली, म्हणून आज लिहायला बसले. तुझ्या शिबिराला येणाऱ्या बाया म्हणून आमच्या गावातून नऊ जणींना नेलं. मागच्या खुर्च्या दिल्या. तुझा हा एवढा मोठा फोटो, त्याला हार, मागे गुलाबी कापडावर लिहिलेलं, ‘वसंत पुन्हा येईल’. जो उठला तो हेच बोलला. मॅडम म्हणजे वसंत, मॅडम म्हणजे पालवी, मॅडम म्हणजे कोकिळा. एवढ्या वर्षांत मी तुला कधी गाताना ऐकलं नाही. खोकताना ऐकलं. पण मेल्यावर माणसाला काहीही म्हणतात, ते मी सोडून दिलं.

मग एक पोरगी माइकसमोर उभी राहिली. म्हणाली, मॅडमच्या कागदांत त्यांच्याच अक्षरात एक कविता सापडली, कुठं छापलेली नाही, ती वाचते. वाचू लागली. माझ्या शेजारी माझी सून सुनंदा बसलेली. मला वाटलं ती जप करून राहिली, कारण तिचे ओठ हलत होते. मग मी नीट पाहिलं. पोरगी ओळ म्हणायची, त्याच्या आधी सुनंदाच्या ओठांवर ती ओळ आलेली असायची!

मी तिसरी शिकलेली बाई. पण एवढं मला कळतं. जे आधी ओठांवर येतं ते ऐकलेलं नसतं.

बांधावरचा पळस म्हणे, वसंत आला बाई
माह्या हातची वेचणी अजून सरली नाही

इथवर दोघी बरोबर होत्या. पुढं माइकवरची पोरगी म्हणाली:

फूल म्हणून वाकले तर भेटली कमळकळी
ओठ मिटून हसली, तिच्या गालावरती खळी

अन् सुनंदा माझ्या कानाजवळ, कोणालाच ऐकू जाणार नाही अशी म्हणाली:

फूल म्हणून वाकले त निघाली डोमकळी
बाहेरून गुलाब दिसे, आतून खाते अळी

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. कशाला पुसले? खळीसाठी?

अळी काढलीस अन् खळी घातलीस! मॅडम, तू कधी कमळ पाहिलंस का पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडाला? लोणारच्या खाऱ्या तळ्यात कमळ येत नाही, अन् आमच्या काळ्या वावरात तू ते उगवून दाखवलंस. मोठी शेतकरीण तू!

तुला डोमकळी ठाऊक नव्हती. मग विचारायचं ना! वावरातली कोणतीही पोर सांगेल. कपाशीचं फूल पिवळं, सकाळी उघडतं. एखादं उघडत नाही. पाकळ्या एकमेकींत गुंतून बसतात, दुरून मिटलेल्या गुलाबासारखं दिसतं. नवखा माणूस म्हणतो, वा, काय सुंदर! आम्ही ते तोडतो, पाकळी उलगडतो, आत गुलाबी अळी बसलेली असते. तिनंच आतून जाळं विणून फूल बंद केलेलं असतं. ती डोमकळी. ती दिसली की बाई लगेच पुढचं झाड तपासते, कारण एकीमागे शंभर असतात.

तुला वाटलं असेल, खेड्यातल्या बाईला शब्द आला नाही, आपण चांगला घालू. दुसऱ्याच्या लुगड्याचे काठ कोणी असे बदलतं का?

तुझ्या पहिल्या शिबिराची गोष्ट सांगते. फागणाचा महिना होता. समाजमंदिरात आम्हाला सतरंजीवर बसवलंस अन् कागद वाटलेस. म्हणालीस, “बायांनो, आज वसंतावर लिहायचं. मनात येईल ते.”

मग शाहीनबीनं, आमच्या आळीत शिलाई करते ती, हात वर केला. “मॅडम, ये वसंत में कौनसा काम लगता?”

सगळ्या हसल्या. तूही हसलीस. पण तिनं चेष्टेनं विचारलं नव्हतं. आम्हाला महिना कामावरून कळतो. निंदणाचा, वेचणीचा, पऱ्हाटी उपटायचा, पापड-कुरडयांचा. वसंत कोणत्या कामाचा, हे तुला सांगता आलं नाही. तू म्हणालीस, “वसंत म्हणजे फुलणं. बाईनं फुलायला हवं, मोकळं व्हायला हवं.”

मी म्हटलं, “फुललं की तोडतेत, मॅडम.”

तू ते लगेच तुझ्या डायरीत उतरवलंस! मी सुनंदाला कोपर मारलं. “पाह्य, गेलं आता थे तिच्या घरी.”

दुसऱ्या दिवशी तू आमच्या वावरात आलीस. वेचणी पाहायची म्हणालीस. फागणात वेचणी! तुला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं. पौषात कपाशी सरते, झाडं उपटून वावर मोकळं करायचं असतं. पण बीटीचं बियाणं आल्यापासून माणसाची हाव वाढली. एक पाणी देऊन तीच झाडं उभी ठेवायची, त्यावर उरलीसुरली बोंडं येतात, त्याला फरदड म्हणतात. अन् वसंतात उभ्या राहिलेल्या त्या फरदडीतच अळीचं बाळंतपण होतं.

त्या वर्षी सुनंदानं आधीच सांगितलं होतं. माघाच्या शेवटी जेवताना माझ्या लेकाला म्हणाली, “पऱ्हाटी उपटून टाकू. मले डोमकळ्या दिसून राह्यल्या.”

लेक म्हणाला, “दोन वेचण्या निघतेत अजून.”

ती म्हणाली, “पुढच्या साली काईच निघणार नाई.”

मी मधात बोलले. मी काय बोलले ते तुला लिहून सांगते, कारण या पत्रात फक्त तुझंच वस्त्र फेडायचं नाही. मी म्हटलं, “तुले काय समजते व? बीटीले अळी लागत नसते. थैलीवर छापेल हाय.”

पंधरा वर्षं त्या वावरात वाकलेली बाई. अन् मी थैलीवरच्या छापील अक्षराला तिच्याहून जास्त मान दिला! ती उठून भांडे घासायला गेली. पुढच्या वर्षी सगळं वावर अळीनं खाल्लं, बोंड फोडलं की नुसती काळी घाण. लेक जालन्याला कंपनीत गेला तो गेलाच, सणाला येतो. पण ते पुढचं. त्या रात्री तिनं भांड्यांपाशी बसून काय केलं ते मला आता कळलं. त्या चार ओळी लिहिल्या. घरात कोणी ऐकलं नाही म्हणून कागदाला सांगितलं.

आता तुझं ऐक.

तू कमरेला ओटी बांधून माझ्या तासात, माझ्याच ओळीत वेचू लागलीस. निम्मा कापूस झाडावर, निम्म्यात वाळकी पानं. फरदडीची बोंडं सुकून काट्यासारखी झालेली असतात, तुझी दोन बोटं फाटली. सुनंदानं तुझी ओटी घेऊन सगळा कचरा वेचून काढला, तुला न सांगता. जेवायला बसलो तेव्हा तू तिला विचारलंस, “तू काल शिबिरात काहीच लिहिलं नाहीस?”

ती म्हणाली, “घरी लिहिते.”

हे मलाही नवीन होतं! एका छपराखाली राहून मला ठाऊक नव्हतं. बी-बियाण्याच्या दुकानातून थैल्यांबरोबर फुकट डायरी मिळते, वर डोक्याएवढं बोंड छापलेलं. त्यात ती लिहायची. तुझ्या हट्टानं घरी जाऊन घेऊन आली. पदराखाली धरून आणली, जशी काय चोरून आणली. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस. एवढं तुझं मी मानते. त्या डायरीला दोन हात लावणारी तू पहिली. पानं उलटताना तू हसली नाहीस, वा-वा केलं नाहीस. एक पान दोनदा वाचलंस. मला वाटलं, ही बाई अगदीच पोकळ नाही.

मग म्हणालीस, “घेऊन जाऊ? आठ दिवसांत आणून देते.”

सुनंदा म्हणाली, “नको मॅडम. पुरी व्हायची हाय. इथंच वाचा.”

अन् कोण बोललं असेल? मीच. “नेय व माय, नेय! याच्यापाई हिच्या भाकरी करपतेत.” एवढं म्हणून मी तिच्या हातातून वही ओढली अन् तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत घातली. माझ्या हातानं.

मग सुनंदानं मला महिन्याभरानं विचारलं, “मॅडमचा काई निरोप?” नंतर आखाजीच्या सणाला विचारलं. मग पोळ्याला. मग विचारणं सोडलं. लिहिणंही सोडलं. भाकरी करपायच्या थांबल्या, अन् मी गावभर सांगत होते, माझी सून सुधारली!

तू दर फागणात येत राहिलीस. दरवर्षी कागद वाटलेस, “व्यक्त व्हा” म्हणालीस. जी व्यक्त झाली तिचं तू घरी नेऊन ठेवलंस. एकदा तिनं धीर करून विचारलं तर म्हणालीस, “अगं हो! पुस्तकांचा इतका पसारा आहे ना घरात. सापडली की आणते.” त्यानंतर शिबिराच्या दिवशी तिची कंबर दुखायला लागली. तुला एकदा तरी वाटलं का, ही येत का नाही?

तू चोर होतीस का विसरभोळी, हे मला ठरवता येत नाही. कदाचित आवडली म्हणून उतरवून घेतली असशील, म्हणून तुझं अक्षर. कदाचित उतरवता उतरवता ती तुला आपलीच वाटली असेल. विचारायला जावं तर तू मरून बसलीस. दुसऱ्याच्या वहीचा निकाल लावायच्या आधी मरायची काय घाई होती?

सभा संपल्यावर चहा होता. तुझे सर, तुझा नवरा, खुर्चीवर बसलेले. त्यांनी स्टेजवरून सांगितलं होतं की पाडव्याला तुझ्या वसंताच्या कवितांचं पुस्तक निघणार, अन् ही कविता पहिल्या पानावर. मी सरळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, “सर, थे कविता माह्या सुनेची हाय.”

ते मायेनं हसले. “आजी, तिनं तुमच्याच व्यथेला शब्द दिले.”

“शब्द तिचे नाई. शब्दच त माह्या सुनेचे हायेत. तिची वही तुमच्या घरी हाय.”

“असं वाटतं खरं. चांगल्या कवितेची हीच खूण. प्रत्येक बाईला ती आपली वाटते.”

ऐकलंस? म्हणजे जिची आहे ती बोलली, तर तोही तुझ्याच कवितेचा मोठेपणा! मी म्हटलं, “सर, मले नाई वाटली माही. मले त भाकरीशिवाय काई सुचत नाई. मी हिची म्हणून राह्यली.” अन् मागे वळून सुनंदाला हाक मारली.

ती आली नाही. कपबशी हातात घेऊन खांबामागे उभी. सरांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, कोणीतरी त्यांना फोटोसाठी बोलावलं, ते गेले.

परतीच्या जीपमध्ये मी तिला तोंडानं झोडपलं. “तोंड शिवलं होतं काय व तुह्यं? मी म्हातारी भांडून राह्यली अन् तू खांबामांगं!”

ती खिडकीबाहेर पाहत होती. “काय बोलू?”

“माही हाय म्हण!”

“कोणाले म्हणू, आत्याबाई? वही त तुमीच देली.”

शाहीनबी समोर बसलेली. तिनं मान खाली घातली. मॅडम, मला माझ्या सासूनं बोलून घेतलं, नवऱ्यानं बोलून घेतलं, तलाठ्यानं बोलून घेतलं, मी कोणाची उधारी ठेवली नाही. पण ही पोर आवाज न चढवता चार शब्द बोलली, ती उधारी अजून माझ्या अंगावर आहे.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “पुरी म्हणून दाखव.” ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पऱ्हाटी उपटत होतो. आता आम्ही फरदड ठेवत नाही, तिच्या शब्दावर वावर मोकळं होतं. एक तास उपटून झाल्यावर तिनं आपल्या आपण म्हणायला सुरुवात केली. त्या चार ओळींपुढं अजून बारा आहेत. त्यात सासू आहे. थैलीवरचं वाचून दाखवणारी सासू. चांगली धुतली आहे मला! माइकवरच्या पोरीनं त्या वाचल्या नाहीत. तू उतरवल्या नसशील. बाईच्या दुःखामागे बाईच निघाली की तुम्हा शिकलेल्यांच्या वसंताला डाग पडतो, नाही का?

मी ऐकलं अन् म्हटलं, “हे बरं लिवलं.”

ती म्हणाली, “तुमाले राग नाई आला?”

“आला. पण बरं लिवलं.”

म्हणून हे पत्र. मला तुझ्या पुस्तकाशी वैर नाही. तुझ्या स्वतःच्या शंभर कविता छापा, त्यात शंभर कमळं फुलवा, मी एक अक्षर बोलणार नाही. पण ही एक छापली तर तिच्या नावानं छापा, सोळा ओळींची, डोमकळीसकट, अळीसकट, माझ्यासकट. नाहीतर छापू नका. अन् वही परत पाहिजे. पाडव्याच्या आत. छापून झाल्यावर चूक झाली म्हणणं मला चालणार नाही, छापील अक्षराला लोक कसे नमतात ते मी स्वतः करून पाहिलं आहे.

मेलेल्या बाईला पत्र लिहून काय होणार, असं शाहीनबीनं विचारलं. तिला मी सांगितलं ते तुलाही सांगते. वावरात जेवताना तूच एकदा म्हणाली होतीस, हसत हसत, की तुझ्या नावाचं प्रत्येक टपाल आधी सर फोडतात, वाचतात, मग तुझ्या हाती देतात. तीस वर्षं. मला तेव्हा तुझी कीव आली होती. बायांना मोकळं व्हा सांगणारी बाई, अन् तिचं पाकीट नवरा फोडतो! आज मात्र ती सवय माझ्या कामाची. पाकिटावर तुझंच नाव घातलं आहे.

तुला वचन एकच देते. सुनंदाच्या नावानं पाकीट आलं, तर ते मी फोडणार नाही. पोस्टमनच्या हातून घेईन अन् जसंच्या तसं तिच्या हातावर ठेवीन. ती वाचत बसली तर चुलीपाशी मी बसेन. भाकरी करपल्या तर माझ्या करपतील. अन् तिनं पुढं लिहायला घेतलं, अन् त्यातही मला धुतलं, तरी वहीला हात लावणार नाही.

तुझ्या फोटोला मी सभेत हात जोडले नाहीत. वही आली की जोडीन.

सुनंदाची सासू,
गयाबाई

ता. क. सर, इथवर वाचलंच आहे तर पुढंही वाचा. उत्तर तुम्हीच द्यायचं, स्वतःच्या अक्षरात. कोण्या पोरीकडून लिहून घ्यायचं नाही. अन् मला द्यायचं नाही. सुनंदाला द्यायचं.